जानेवारीचा डोस कोणी द्यायचा?

प्रति,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा, महाराष्ट्र राज्य
मा. साखर आयुक्त, पुणे
गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ
आणि मराठवाडा व साखर पट्ट्यातील सर्व जिल्हा आरोग्य अधिकारी

विषय : ऊसतोड महिलांना गळीत हंगामातही कुटुंबनियोजनाच्या सेवा मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

हे पत्र लिहिणाऱ्यांत आरोग्यसेविका आहेत, आशा आहेत, आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक आहेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतले डॉक्टर आहेत. काहींचे काम पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, पाथर्डी भागात, जिथून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काहींचे काम त्या जिथे उतरतात त्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरच्या साखर पट्ट्यात. साधनांची वानवा आहे अशी आमची तक्रार नाही. तांबी, अंतरा हे इंजेक्शन, छाया आणि माला-एन या गोळ्या, निरोध, बाईची आणि पुरुषाची नसबंदी हे सगळे सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मात्र ते मिळते गावच्या पत्त्यावर, आणि ऊसतोड बाई वर्षातले पाच-सहा महिने त्या पत्त्यावर नसते.

एका तारखेवरून बघा. अंतरा हे तीन महिन्यांचे इंजेक्शन २०१७ पासून सरकारी यंत्रणेत आहे. समजा, टोळी निघण्याआधी बाईने २५ ऑक्टोबरला डोस घेतला. तेरा आठवडे मोजले की पुढचा डोस २४ जानेवारीला येतो. तो दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे उशिरा दिला तरी चालतो, म्हणजे १० जानेवारी ते २१ फेब्रुवारी. त्यापुढचा डोस २५ एप्रिलच्या आसपास, तोवर पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, टोळी गावी पोचलेली असते. म्हणजे अख्ख्या हंगामात परक्या मुलखात घ्यायचा डोस एकच, आणि त्यालाही सहा आठवड्यांची सवड. पहिला डोस डॉक्टरने तपासून द्यायचा असतो, पुढचे डोस प्रशिक्षित नर्सबाई उपकेंद्रात देऊ शकतात. लागते काय, तर एक मिलिलिटरची कुपी, सिरिंज, रक्तदाबाचे यंत्र आणि मागच्या डोसची तारीख. एवढे साधे काम असूनही हा डोस सर्रास चुकतो.

तो चुकण्याची सुरुवात कार्डापासून होते. कार्ड गावी पत्र्याच्या पेटीत राहते, नाहीतर आशाताईंच्या फाइलमध्ये. साखर पट्ट्यातल्या उपकेंद्रात बाई कशीबशी पोचली, तरी तिच्याजवळ कागद नसतो आणि मागचा डोस तिला ‘दिवाळीच्या पुढेमागे’ एवढाच आठवतो. नर्सबाई धोका कशाला घ्या म्हणून सांगतात, ‘पाळी आल्यावर या.’ ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. पण अंतरा घेणाऱ्या पुष्कळ बायकांची पाळी दोन-तीन डोसांनंतर येतच नाही. तो या औषधाचा नेहमीचा परिणाम आहे, त्यात काही बिघाड नाही. म्हणजे ‘पाळी आल्यावर या’ याचा अर्थ ‘येऊच नका’. खरी रीत वेगळी आहे. तारीख सवडीच्या सहा आठवड्यांत बसत असेल तर काहीही न विचारता डोस द्यावा. सवड उलटली असेल किंवा तारीखच कळत नसेल, तर निश्चय किटवर लघवीची तपासणी करावी, नेहमीच्या तपासणी-प्रश्नांनी गर्भ नसल्याची खात्री करावी, डोस द्यावा आणि पुढचे सात दिवस निरोध वापरायला सांगावे. तपासणीत शंका राहिलीच, तर बाईला रिकाम्या हाताने पाठवू नये. निरोध द्यावेत आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून डोस द्यावा.

कार्ड म्हणून आम्हाला काही भारी नको. खिशात मावेल एवढे, प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेले, एका बाजूला आरसीएच क्रमांक (सरकारी माता-बाल नोंदणीचा) आणि डोसच्या तारखा ठळक आकड्यांत, दुसऱ्या बाजूला पुढच्या डोसची ‘पासून-पर्यंत’ तारीख. एकच देय तारीख लिहिली की तो दिवस हुकल्यावर बाईला वाटते, आता काही उपयोग नाही, आणि ती फिरकतच नाही. औषधाचे नाव मराठीबरोबर इंग्रजी आणि कन्नडमध्येही असावे, कारण बेळगाव-बागलकोटकडे जाणाऱ्या टोळ्या थोड्या नाहीत. साधन कोणते ते बाहेरून दिसू नये. कोपीला, म्हणजे तळावरच्या झोपडीला, दार नसते, आणि बाईने सासूपासून किंवा नवऱ्यापासून एखादी गोष्ट लपवली असेल तर तिची तिला कारणे असतात. निघताना प्रत्येक बाईच्या कार्डाचा फोटो काढून आशाताईंनी गटप्रवर्तकाकडे ठेवला, तर कार्ड हरवले तरी एका फोनवर तारीख मिळते. याला नवे सॉफ्टवेअर लागत नाही.

आता वेळेचा प्रश्न. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे तीन-चारला उठून फडात, दिवसभर तोडणी आणि मोळ्या बांधणे, आणि डोकी सेंटर (ऊस डोक्यावरून वाहून गाडीत भरणारी टोळी) असेल तर रात्री उशिरा गाडी आली की मोळ्या डोक्यावरून नेऊन भरणे. बाह्यरुग्ण विभाग ज्या वेळात उघडा असतो, त्या वेळात ती कधीच मोकळी नसते. एक दिवस गेली तर खाडा पडतो आणि मुकादम दिवसाला पाचशे रुपये, कधी त्याहून जास्त उचलीतून, म्हणजे आगाऊ दिलेल्या रकमेतून, कापतो. फुकट इंजेक्शनची ही खरी किंमत. त्यावर जाण्यायेण्याचे भाडे वेगळे.

म्हणून इंजेक्शनच तळावर यायला हवे. यात टायरगाडीवाले (टायरच्या बैलगाडीतून ऊस नेणारे) आणि डोकी सेंटर यांत फरक करावा लागेल. टायरगाडीवाल्यांचा तळ कारखान्याजवळ असतो, शेदोनशे कोप्या एका जागी, हंगामभर. तिथे पंधरवड्यातून एकदा संध्याकाळी सात ते नऊ या वेळात नर्सबाई बसल्या तर काम होते. डोकी सेंटरच्या टोळ्या मात्र गावोगाव फिरतात, दहा-पंधरा कोयत्यांची एकेक टोळी, आज या शिवारात, पंधरा दिवसांनी चौथ्या गावात. त्यांच्यासाठी कोणत्या गावात कोणती टोळी आहे हे रोज ठाऊक असणारा माणूस एकच, तो म्हणजे कारखान्याचा शेतकी विभागाचा स्लिपबॉय किंवा चिटबॉय. ही माहिती कारखान्याकडे रोजच्या रोज असते, कारण त्याशिवाय ऊस येत नाही. ती आठवड्यातून एकदा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना मिळाली, तर टोळी शोधत फिरावे लागणार नाही. फक्त एक पथ्य: टोळी कुठे आहे एवढेच कारखान्याने आणि मुकादमाने सांगावे. कोणत्या बाईने काय घेतले याची यादी त्यांच्या हाती कदापि पडू नये.

साठ्याचे गणितही गावच्या लोकसंख्येवर बेतलेले आहे. मैदानी भागात पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, त्यात साधारण आठशे-साडेआठशे पात्र जोडपी. नोव्हेंबरात त्याच हद्दीत पाचशे कोयते येऊन उतरले, तर जोडपी एका आठवड्यात दीडपटीच्या वर जातात. मागणीपत्र मात्र मागच्या तीन महिन्यांच्या खपावरून भरले जाते, आणि मागच्या तीन महिन्यांत, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबरात, हे लोक नव्हतेच. जानेवारीत कुप्या संपतात, जादा मागणी केली तर वरून ‘खप का वाढला’ अशी विचारणा होते. इकडे बीडच्या उपकेंद्रात त्याच काळात कुप्या पडून असतात. साठ्याची ऑनलाइन प्रणाली २०१७ पासून आहे. ऑक्टोबरात पाठवणाऱ्या जिल्ह्याचा शिल्लक साठा स्वीकारणाऱ्या जिल्ह्याकडे वळवणे ही एका आदेशाची बाब आहे. आकडा काढायलाही सोपा: कारखान्याच्या तोडणी-वाहतूक करारांत कोयत्यांची संख्या असते. समजा तीन हजार कोयते आहेत आणि दहातली एक बाई अंतरावर आहे, तर जानेवारी-फेब्रुवारीत तीनशे कुप्या हव्यात. त्या डिसेंबरच्या पंधरवड्यापर्यंत उपकेंद्रांत पोचल्या पाहिजेत.

गोळ्यांचे गणित आणखी सोपे आहे आणि तिथेच जास्त चुका होतात. छाया ही आठवड्याची गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी, दुसरी तिथून चौथ्या दिवशी. पहिली रविवारी घेतली तर दुसरी बुधवारी, आणि तीन महिन्यांनंतर फक्त रविवारची. ही साधी मांडणी ऊसतोडीत बिघडते, कारण फडात वार कळत नाही. गोळी सुरू करायची असेल तर ती जुलै-ऑगस्टमध्ये, गावी असताना सुरू करावी. दोनदाचे किचकट तीन महिने घरी, आशाताईंच्या नजरेखाली जातात आणि हंगामात आठवड्याला एकच गोळी उरते. तो वार गावोगावच्या बाजारावर न बांधता टोळीचा पगार-खर्ची मिळण्याचा वार धरावा. तो वार कोणी विसरत नाही. सव्वीस आठवड्यांना सव्वीस गोळ्या, एका पट्टीत आठ, म्हणजे चार पट्ट्या देऊन पाठवावे. सहा गोळ्या वर राहतात, एखादी भिजली-हरवली तर उपयोगी पडतात. निघायच्या आठवड्यात सुरू करणारीला पहिल्या बारा आठवड्यांच्या चोवीस आणि पुढच्या चौदा मिळून अडतीस गोळ्या, म्हणजे पाच पट्ट्या लागतील. प्रत्यक्षात बहुतेकींच्या हातात एक पट्टी पडते आणि ‘पुढची तिकडे मिळेल’ असा निरोप.

चुकलेल्या गोळीचा नियम तोंडपाठ करून घ्यावा. सात दिवसांच्या आत आठवण झाली तर लगेच घ्यायची, ठरलेला वार तसाच चालू ठेवायचा आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध. सात दिवस उलटले तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्याला दोन. छायाने पाळी लांबू शकते. पंधरा दिवसांच्या वर लांबली तर गर्भाची तपासणी करायची, म्हणून कार्डाच्या पाकिटात एक निश्चय किट असलेच पाहिजे. कावीळ, यकृताचा आजार, क्षयरोग किंवा गर्भाशयमुखाची वाढ असलेल्या बाईला ही गोळी द्यायची नाही.

माला-एन देताना हिशेब अठ्ठावीस गोळ्यांच्या पाकिटाचा: एकवीस संप्रेरकाच्या, सात लोहाच्या. सहा महिन्यांना सात पाकिटे. अंगावर पाजणाऱ्या आईला बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत ही देऊ नये, आणि ऊसतोडीच्या तळावर तान्ही पोरे असलेल्या आयाच जास्त असतात. त्यांना छाया, तांबी, किंवा बाळ सहा आठवड्यांचे झाल्यावर अंतरा.

तांबीबद्दल एक गैरसमज आमच्यातल्याही काहींच्या तोंडी ऐकू येतो: ‘मोळी उचलणाऱ्या बाईला तांबी चालत नाही, सरकते.’ जड कामाने तांबी सरकत नाही. होते काय, तर पहिले तीन ते सहा महिने रक्तस्राव आणि कळा वाढतात, आणि ज्या तळावर संडास नाही, पाणी टँकरचे, कापड वाळत घालायला आडोसा नाही, तिथे तो जादा रक्तस्राव असह्य होतो. म्हणून साधनापेक्षा महिना महत्त्वाचा. एप्रिल ते जून या काळात तांबी बसवली, सहा आठवड्यांनी एक तपासणी, तिसऱ्या महिन्यात दुसरी आणि रक्तक्षयासाठी लोहाच्या गोळ्या असे केले, तर ऑक्टोबरात निघेपर्यंत अंग सरावते. तांबी ३८० ए दहा वर्षे चालते, ३७५ पाच वर्षे. सप्टेंबरअखेर महिनाअखेरचा आकडा भरून काढायला बसवलेली तांबी डिसेंबरात साखर पट्ट्यातल्या खासगी दवाखान्यात पैसे देऊन काढली जाते, हे आम्ही दोन्ही टोकांवरून पाहतो. ती तिकडच्या सरकारी केंद्रात का काढली जात नाही? कारण ‘जिथे बसवली तिथे जा’, ‘नवऱ्याला घेऊन ये’, ‘अजून दोन वर्षे राहू दे’. कृपया लेखी आदेश काढा की तांबी काढायला आलेल्या बाईची तांबी त्याच दिवशी, कोणाचीही परवानगी न मागता, कोणत्याही केंद्रात काढली जाईल. काढण्याची खात्री नसेल तर बसवून घ्यायला शहाणी बाई तयार होणार नाही, आणि तिचे बरोबरच आहे.

नसबंदीचे वेळापत्रक तर ऊसतोड कुटुंबांना वगळण्यासाठीच आखले असावे, असे वाटावे इतके उलटे आहे. आपल्याकडे शस्त्रक्रियांची लगबग असते डिसेंबर ते मार्च: थंडीत जखम लवकर भरते ही जुनी समजूत आणि जोडीला मार्चअखेरचे उद्दिष्ट. नेमके तेच महिने टोळ्या बाहेर. निर्जंतुकीकरण नीट असेल तर उन्हाळा-पावसाळ्यात जखम चिघळण्याचे काही कारण नाही. बाईच्या शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांनी हलके काम, सातव्या दिवशी टाके, आणि पूर्ववत कष्टाला दोन आठवडे हवेत. मोळी उचलणाऱ्या बाईला आम्ही महिना सांगतो. एप्रिल, मे किंवा ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया झाली तर तो महिना तिला मिळतो. फेब्रुवारीत फडावरून उचलून नेलेल्या बाईला तो मिळत नाही. आठव्या दिवशी ती फडात असते, नाहीतर उचल फिटत नाही.

पुरुषाची बिनटाका नसबंदी याहून सोपी. दहा-पंधरा मिनिटांचे काम, दोन दिवसांनी हलके काम, आठवड्याने सायकल. मात्र ती लगेच लागू होत नाही. तीन महिने निरोध, मग वीर्यतपासणी, मगच प्रमाणपत्र. जूनअखेर केली तर सप्टेंबरअखेर तपासणी होऊन माणूस मोकळा होतो. ऑक्टोबरात केली तर तपासणी राहून जाते, जानेवारीत बायकोला दिवस राहतात आणि मग संशय बाईवर. महाराष्ट्रात निम्म्या विवाहित बायका नसबंदी केलेल्या आणि पुरुष एक टक्काही नाहीत. या आकड्याला पुरुषांचा नकार जबाबदार आहेच, पण जूनमध्ये बिनटाक्याचा प्रशिक्षित सर्जन तालुक्याला उपलब्ध नसणेही तितकेच जबाबदार आहे.

आता गर्भपिशवीबद्दल. २०१९ मध्ये गाजलेला आकडा सगळ्यांना पाठ आहे: बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहा जणींत एक. त्या वेळी चौकशी समिती झाली, खासगी रुग्णालयांवर परवानगीची अट आली. ती हवीच होती. पण पिशवी काढण्याच्या वाटेवरची आधीची पायरी अजून तशीच आहे, आणि ती कुटुंबनियोजनाच्या आमच्या खोलीतून जाते. अंतरा घेतल्यावर सुरुवातीचे महिने अवेळी अंगावरून जाते, तांबीने जास्त जाते. आधी कोणी सांगितले नसेल तर बाई घाबरते. तळाजवळ सरकारी दवाखाना नाही, आणि असला तरी खाडा. मग खासगीत सोनोग्राफी, ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’, आणि दोन पोरे झालेल्या पंचविशी-तिशीच्या बाईला पिशवी काढण्याचा सल्ला. उचल घेऊन शस्त्रक्रिया, ती फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा ऊसतोड.

ही साखळी तोडायला तीन मिनिटांचे बोलणे पुरते, डोस देण्याआधी. पाळी अनियमित होईल, थोडेथोडे जाईल, पुढे बंदही होईल. बंद झाली म्हणजे रक्त साठून राहिले असे नाही. इंजेक्शन सोडल्यावर मूल राहायला सात ते दहा महिने लागतात, वांझपण येत नाही. आणि जास्तच जाऊ लागले तर गर्भ आणि संसर्ग नसल्याची खात्री करून मेफेनॅमिक ॲसिड ५०० मिलिग्रॅम, जेवणानंतर दिवसातून दोनदा, पाच दिवस. ही गोळी प्रत्येक उपकेंद्रात ठेवता येते. तासाला किती पॅड लागले, चक्कर येते का, हे विचारून कोणाला वर पाठवायचे हे नर्सबाईंना कळते. गर्भाशय काढण्याची परवानगी मागणाऱ्या अर्जात ‘रुग्णेने मागील वर्षभरात कोणते गर्भनिरोधक साधन वापरले’ एवढा एक रकाना वाढवला, तर किती शस्त्रक्रिया साध्या दुष्परिणामावर बेतल्या होत्या हे शासनालाच दिसेल.

एक सावधगिरीची सूचना. वरचे सगळे वाचून कोणी ‘ऊसतोड महिलांसाठी विशेष नसबंदी मोहीम’ काढू नये. राज्याचा एकूण जननदर २०१९-२१ च्या पाहणीत १.७ होता, म्हणजे लोकसंख्या रोखण्याची घाई असण्याचे काही कारण उरलेले नाही. छत्तीसगडमध्ये बिलासपूरला नोव्हेंबर २०१४ मध्ये एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया केल्या आणि १३ जणी दगावल्या. त्यानंतर देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१६ रोजी शिबिरे तीन वर्षांत बंद करायला सांगितले. उद्दिष्टे लादू नयेत, संमतिपत्र बाईला समजेल अशा भाषेत असावे, हेही त्यातच आले. आपल्याकडे वंजारी, दलित, पारधी, भिल्ल, बंजारा बाई समोर आली की ‘यांना गोळ्या झेपायच्या नाहीत, ऑपरेशनच बरे’ असे तिच्या वतीने आम्हीच ठरवून टाकतो. बाळंतपणाच्या टेबलावर, कळा चालू असताना, तांबीला किंवा टाक्याला, म्हणजे नसबंदीला, होकार घेणे हा होकार नव्हे. तो गरोदरपणाच्या तपासण्यांमध्ये घेऊन कार्डावर नोंदवावा. तांडे आणि पारधी वस्त्यांवर गोरमाटी, पारधी बोलणारी बाई सोबत असल्याशिवाय समुपदेशन झाले असे धरू नये. नसबंदीच्या संमतीला नवऱ्याची सही लागत नाही, हे भिंतीवर लिहून ठेवण्याची वेळ आली आहे.

अठराच्या आतल्या मुलींचा प्रश्न आम्ही थोडक्यात मांडतो, कारण तो या पत्रात मावणारा नाही. जोडीशिवाय कोयता होत नाही म्हणून मुलींची लग्ने लवकर होतात. बीडमध्ये २० ते २४ वयाच्या ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आहे. या मुली पोलिसांत नाव जाईल या भीतीने केंद्रात येत नाहीत, आणि कर्मचारीही पोक्सो कायद्याच्या धास्तीने त्यांना टाळतात. गर्भपाताच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात अल्पवयीन मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे स्पष्ट केले आहे. हे किती केंद्रांपर्यंत पोचले? विभागाने साध्या मराठीत दोन पानांची लेखी सूचना काढावी, नाहीतर या मुली मेडिकलच्या दुकानातून गोळ्या घेत राहतील.

साखर आयुक्तांकडे आमचे मागणे मोजके आहे. गाळप परवान्यासोबत प्रत्येक कारखान्याकडून कोयत्यांची संख्या, टायरगाडीच्या तळांची ठिकाणे आणि टोळ्यांची आठवड्याची हालचाल आरोग्य विभागाला देण्याची हमी घ्यावी. तळावर नर्सबाईंना बसायला वीज आणि आडोसा असलेली एक खोली, ती नसेल तर कनातीचा तंबू द्यावा. कारखान्यात ऊस टाकतात त्या गव्हाणीवर साहेबांच्या भेटीला मांडव उभा राहतो, तर हेही जमेल. महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि तेवढीच भर शासनाची, असा निर्णय झालेला आहे. त्या निधीतून तपासणी, डोस किंवा तांबीसाठी गेलेल्या दिवसाचा खाडा भरून द्यावा, आणि तो मुकादमामार्फत न देता बाईच्या खात्यावर जमा व्हावा. साखर पट्ट्यातल्या आशाताईंना पाहुण्या बाईमागेही मोबदला मिळावा. आज त्यांचा हिशेब गावच्या यादीवर चालतो, मग तळावर त्यांनी का जावे?

आरोग्य आयुक्तांनी पाठवणाऱ्या आणि स्वीकारणाऱ्या तालुक्यांच्या जोड्या लावून द्याव्यात. कोणत्या तालुक्यातून कोणत्या कारखान्याकडे लोक जातात हे वर्षानुवर्षे फारसे बदलत नाही. दोन्हीकडच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची एक बैठक सप्टेंबरात, एक फेब्रुवारीत पुरे. कर्नाटकच्या आरोग्य विभागाशी बेळगाव, बागलकोटसाठी आणि गुजरातशी नंदुरबार, धुळ्याच्या टोळ्यांसाठी असाच पत्रव्यवहार करावा.

आणि कामाचे मोजमाप बदला. किती तांब्या बसवल्या, किती टाके घातले हे विचारणे थांबवून एप्रिलमध्ये आम्हाला तीन आकडे विचारा. ऑक्टोबरात साधन घेऊन निघालेल्या बायकांपैकी किती जणींचे साधन त्यांच्या मर्जीशिवाय, केवळ न मिळाल्यामुळे सुटले? तांबी काढायला आलेल्या किती जणींची त्याच दिवशी काढली? नको असताना किती जणींना दिवस गेले, आणि त्यांना सुरक्षित गर्भपात सरकारी केंद्रात मिळाला की खासगीत जावे लागले?

मंत्री समितीची बैठक होऊन यंदाच्या गाळपाची तारीख जाहीर होण्याआधी स्वीकारणाऱ्या उपकेंद्रांची यादी आणि तिथल्या नर्सबाईंचे कार्यालयीन दूरध्वनी क्रमांक आमच्या हाती पडावेत. टोळ्या निघण्याच्या आठवड्यात आम्ही ते प्रत्येक कार्डाच्या मागे लिहून देऊ.

आपले,
ऊसतोड आणि साखर पट्ट्यातील आरोग्यसेविका, आशा, गटप्रवर्तक व वैद्यकीय अधिकारी